रेस सोडताना

नेमिनाथ मगदूमची बायको राजमती उन्हाळ्यात गेली. तिचा उजवा पाय मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून जात होता. हे त्याला कळलं पावसाळा ओसरताना, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये. आणि ते त्याला डॉक्टरांनी नाही, इंजिनानं सांगितलं.

दुपार होती. शेडमागं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली शाळेची पिवळी बस त्यानं बाहेर काढली होती. बस राजमतीची. गेल्या दसऱ्याला तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हापासून त्या बसला कुणाचा पाय लागला नव्हता. आता शाळेनं शबाना मुल्लाणी नावाच्या मुलीला ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं. बस तिच्या ताब्यात देण्याआधी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली जुनी मेमरी पुसायची, एवढंच काम होतं. नेमिनाथनं स्कॅनरची पिन लावली, बटणावर बोट नेलं आणि सवयीनं एकदा आकड्यांवरून नजर फिरवली. बोट तिथंच राहिलं.

रेस सोडण्याची दुरुस्ती, म्हणजे ड्रायव्हर पेडलवरचा पाय उचलताना इंजिन आपल्या पदरचं घालतं ती भर, एकेचाळीस टक्के होती.

चांगल्या ड्रायव्हरची ही दुरुस्ती दोन-तीनच्या वर जात नाही. नवशिक्याची सात-आठ. पंप-नोझलच्या कामात केस पांढरे झाले, पण एवढा आकडा त्यानं पाहिला नव्हता. त्यानं महिन्यांचा आलेख उघडला. रेघ बराच काळ सपाट होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिनं डोकं वर काढलं, संक्रांतीला दहावर आली, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वीस ओलांडली आणि मग चढतच गेली. राजमती पहिल्यांदा अडखळली ती त्यानंतरच्या श्रावणात, जैन बस्तीत, देवळाच्या पायरीवर. पायरी ओली होती, असं सगळेच म्हणाले. नेमिनाथही म्हणाला होता.

मेंदूतून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा वाळत जातात, तो आजार तिला निघाला होता. त्यावर आता औषध निघालं होतं. ते गेलेलं परत आणत नाही, आहे ते टिकवतं. "सहा महिने आधी आला असतात तर," असं मिरजेच्या डॉक्टर अनघा किणीकर म्हणाल्या होत्या आणि पुढं बोलल्या नव्हत्या. ते सहा महिने आता स्कॅनरच्या पडद्यावर होते.

इंजिनाला हे कसं कळलं, ते समजायला इंधन सिलिंडरमध्ये कसं जातं ते पाहावं लागेल. नेमिनाथ गिऱ्हाइकांना ते पंगतीचं उदाहरण देऊन सांगायचा. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर होता. तिथं वाढपी नाहीच. हवा आत जाताना जी ओढ लागते, तिच्याबरोबर पेट्रोल आपसूक खेचलं जातं, सगळा अंदाजाचा कारभार. मग नोझल आलं. आधी हवेच्या नळीच्या तोंडाशी सगळ्यांत मिळून एक, मग प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी एकेक, आणि शेवटी थेट सिलिंडरच्या आत. जितकं आत जावं तितकं माप नेमकं.

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती निखाऱ्यासारखी तापते. तीत फवारा सोडला की तो स्वतःच पेट घेतो. पण इतक्या दाबाच्या विरुद्ध फवारा मारायचा तर पंपही तसाच जबरदस्त लागतो. नेमिनाथ काम शिकला तो लाइन पंपावर. पंगतीत प्रत्येक पानाला स्वतंत्र वाढपी असावा, तसा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर. पुढं रोटरी पंप आला. त्यात वाढपी एकच, तोच फिरत फिरत सगळ्यांना वाढणार. मग आलं कॉमन रेल, आणि वाढपीच गेला. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक खोलीत नळ यावा, तशी एक जाड नळी. तिच्यात डिझेल कायम प्रचंड दाबाखाली भरलेलं आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा नळ. तो कधी आणि किती वेळ उघडायचा, हे कॉम्प्युटर ठरवतो. एकाच वेळच्या जेवणात तो अनेकदा उघडतो. आधी चुलीला काडी लावल्यासारखा थेंबभर, मग मुख्य फवारा, मग उरलेली काजळी जाळायला परत जरासा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे ऐकणारं नोझल. त्याची सुई उचलायला आत एक स्फटिक असतो. वीज दिली की तो किंचित लांबतो आणि सुई उघडते. त्याचा दुसरा गुण उलटा आहे. त्याला दाबलं की तो स्वतः वीज देतो. सुई मिटल्यावर सिलिंडरमधला भडका हाच स्फटिक अंगावर घेतो आणि तो किती जोराचा होता, ते तारेवरून मागं कळवतो. वाढणाऱ्यालाच जेवणाऱ्याच्या पोटाचा अंदाज यावा, तसं.

याची गरज पडली इंधनामुळं. शहरातल्या गाड्या विजेवर गेल्या, पण घाटात आणि उसाच्या, दुधाच्या फेऱ्यांत डिझेल टिकलं आणि त्यात निम्मं वनस्पतीचं तेल आलं. कळे गावात भरलेलं आणि गगनबावड्यात भरलेलं एकसारखं नसायचं. म्हणून इंजिनानं प्रत्येक भडका ऐकायचा आणि पुढचा फवारा त्याप्रमाणं बदलायचा. एकदा शिकायची सोय झाल्यावर ते ड्रायव्हरचा पायही शिकू लागलं. पायाखालचं पेडल आता नुसता निरोप देतं. पाय कसा दाबला जातोय, कसा उचलला जातोय, यावरून ड्रायव्हरच्या मनात काय आहे ते इंजिन ओळखतं आणि आधीच तयारीला लागतं. गाडीला हिसके बसत नाहीत, डिझेल वाचतं.

राजमतीचा पाय नीट दाबला जात होता. उचलला जात नव्हता. पहिली बारीक हालचाल झाली की 'हिला रेस सोडायचीय' हे इंजिन ओळखायचं आणि फवारा तोडायचं. पाय मागाहून यायचा. मुलांना काही जाणवलं नाही, राजमतीलाही नाही. तिचा पाय इंजिन उचलत होतं. बिघाडाचा दिवा लागला नाही, कारण इंजिनाच्या लेखी काही बिघडलेलंच नव्हतं. ते आपलं काम चोख करत होतं.

आणि असं काही आजवर कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं, त्याला कारण उद्यमनगरची रीत. खंडेनवमीला गाडी धुवायची, हार घालायचा आणि पूजेआधी मेमरी पुसायची. पूजेला गाडी कोरी हवी, जुन्या वर्षाचं काही नको, असं मिस्त्री लोकांनीच ठरवलेलं. कंपनीनं तसं कधी सांगितलं नव्हतं. बारीक वर चढणारी प्रत्येक रेघ दर दसऱ्याला शून्यावर येत होती. राजमतीच्या बसची राहिली, कारण त्याआधीच्या खंडेनवमीला बस मुलांची सहल घेऊन गेली होती, आणि गेल्या वर्षी कुणाला पूजेचं सुचलंच नाही.

नेमिनाथनं मिरजेला फोन लावला आणि आलेख पाठवला. थोड्या वेळानं डॉक्टरांचाच फोन आला.

"काका, पाय वर उचलायचं काम नडगीवरचा स्नायू करतो," डॉ. किणीकर म्हणाल्या. "या आजारात पुष्कळदा तोच पहिल्यांदा ढिला पडतो. तुमची रेघ त्याच्याशी जुळतेय. पण एवढ्यावरून आजार ठरत नाही. गुडघेदुखी असेल, चप्पल जड असेल, तरी अशी रेघ येऊ शकेल. शंका घ्यायला पुरेशी आहे. निदान करायला नाही."

"शंका घ्यायला पुरेशी असली तर झालं," नेमिनाथ म्हणाला. "पुढचं तुमचं काम."

संध्याकाळी सुलोचना आली. राजमतीची धाकटी बहीण. ती गगनबावडा रस्त्यावरच्या गावांतून दूध गोळा करणारी गाडी चालवायची, आणि राजमती गेल्यापासून येता-जाता दाजींना डबा द्यायची.

"दाजी, जेवलासा काय दुपारी? की सकाळचा डबा परत तसाच?" ती गाडीतूनच बोलत उतरली. "तोंड बघा, चोक झालेल्या फिल्टरगत. आणि माझी मेमरी आत्ताच पुसून टाका. खंडेनवमीला तुमच्या दारात रांग लागती."

"लाव आत."

त्यानं पिन लावली. या वेळी बटणाकडं गेलाच नाही. सरळ रेस सोडण्याची दुरुस्ती उघडली. नऊ टक्के. गेल्या दसऱ्यानंतर दोन, चैत्रात चार, आता नऊ. मोठा आकडा नव्हता, पण रेघेचा आकार त्यानं दुपारीच पाहिलेला होता.

"काय बघाय लागलाय एवढं? नोझल गेलं काय?"

"नोझल बरंय," तो म्हणाला. "बस जरा."

त्यानं तिला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही आलेख एकाखाली एक लावून दाखवले. काय आहे ते सांगितलं. घुमवून-फिरवून सांगायला त्याला येत नव्हतं. सुलोचनानं पाय पुढं केला.

"माझी चप्पल नवीन हाय," ती म्हणाली. "जाड तळव्याची. त्याचंच असणार."

"असंल."

"अक्काला झालं म्हणून मला व्हायलाच पाहिजे?"

"नाही. म्हणून तर मिरजेला जाऊन यायचं."

"जमणार नाही." तिचा आवाज बदलला. "आमच्या सन्मतीचं लगीन ठरत आलंय, माहिताय न्हवं तुम्हाला? परवा इचलकरंजीची माणसं येऊन बसली, पसंत म्हणून गेली. आणि मी आता नसांच्या डॉक्टरकडं जाऊ? मावशी त्यानंच गेली, आता आईबी तिथंच, असं झालं की कोण पोरगी करून नेतंय? मांडव होईस्तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही, दाजी. आणि ते पुसून टाका."

"मांडव कधी?"

"फाल्गुनात."

"फाल्गुनात हा आकडा वीस झालेला असंल," नेमिनाथ म्हणाला. "वीसला काय होतंय ते घरात बघितलंय मी. पुसणार नाही."

"गाडी माझी हाय."

"गाडी तुझी. पाय पण तुझाच. म्हणूनच पुसणार नाही."

सुलोचना उठली. हिला बोलून पटायचं नाही, हे तो ओळखून होता. राजमती तशीच होती. एकदा ठरवलं की तुम्ही कितीही बोला. त्यानं आणखी शब्द खर्च केले नाहीत. स्कॅनरवर पायाची दुरुस्ती बंद केली. आता इंजिन फक्त इंधनाचा हिशेब ठेवणार होतं. पाय जे सांगेल तेवढंच ऐकणार, पदरचं काही घालणार नाही.

"चल, बालिंग्यापर्यंत जाऊन येऊ," तो म्हणाला. "चप्पल काढून ठेव. अनवाणी चालव. तुझं खरं असलं तर मी आत्ताच्या आत्ता पुसतो आणि परत विषय काढत नाही."

"काढला तर?"

"तर तुझ्या डब्यातली भेंडी रोज खाईन."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात ती गाडीत चढली. नेमिनाथ शेजारी बसला आणि हात हँडब्रेकवर ठेवला. फुलेवाडी मागं पडेपर्यंत गर्दी होती. तिथं ती दबकत चालवत होती, काही कळलं नाही. पुढं रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना ऊस. तिनं नेहमीप्रमाणं रेस दिली. गाडी छान उचलली.

"बघा," ती म्हणाली. "कुठं काय?"

पुढं एक बैलगाडी होती. सुलोचनानं नेहमीच्या जागी रेस सोडली. गाडी हळू झाली नाही. इंजिन ओढतच राहिलं आणि मग टप्प्याटप्प्यानं, गचके देत, उतरलं. ब्रेकवर पाय पोचायला उशीर झाला. नेमिनाथनं हँडब्रेक ओढला. बैलगाडीच्या मागं चांगलं अंतर ठेवून गाडी थांबली. गाडीवानानं वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं.

"गाडी बिघडवलीसा तुम्ही," सुलोचना म्हणाली.

"गाडी ठीक आहे."

"मग आधी अशी कधीच..."

"आधी ती तुला सांभाळून घेत होती."

तिनं परत गाडी चालू केली, थोडं पुढं नेली आणि मुद्दाम, सावकाश, रेस सोडली. परत तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं दातओठ खाऊन पाय वर खेचला. तरी गचका आलाच. मग तिनं गाडी कडेला घेतली, चावी काढून नेमिनाथच्या हातात दिली आणि आपल्या अनवाणी पायांकडं बघत बसली. बोटं वर-खाली करून पाहिली. डाव्या पायाची लवकर वर यायची. उजवी यायची, पण मागून.

"अक्काला असं कुणी दाखवलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मिरजेला तुम्ही येणार?"

"मीच गाडी चालवणार."

मिरजेत तपासण्या झाल्या. आजार तोच होता, पण दाराशी उभा. घरात शिरलेला नव्हता. डॉ. किणीकरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. "याच वेळेला माणसं माझ्याकडं यायला हवीत, आणि याच वेळेला कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. पुढच्या फेरीत त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी राजमतीच्या वेळी कुणाला माहीत नव्हती. दोघी सख्ख्या बहिणी म्हटल्यावर रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं होतं, आणि आजार घराण्यातून आलेला निघाला. आईकडून किंवा बापाकडून येतो. ज्याच्यात आहे, त्याच्या प्रत्येक मुलात असण्याची शक्यता निम्मी.

परत येताना सुलोचना म्हणाली, "सन्मतीला मी आज सांगणार. आणि इचलकरंजीलाबी मीच फोन करणार. ठरलं तर ठरलं, मोडलं तर मोडलं. पोरीच्या पायापेक्षा मांडव मोठा नाही."

तिनं खरंच फोन केला. इचलकरंजीच्या लोकांनी विचार करायला वेळ मागितला. सन्मतीनं तेवढा वेळ दिला आणि स्वतः मिरजेला जाऊन रक्त देऊन आली. निकाल यायचा होता.

मधल्या दिवसांत बातमी उद्यमनगरभर झाली, आणि नेमिनाथला चालक संघटनेच्या बैठकीत बोलावणं आलं. डंपरवाले, उसाचे ट्रॅक्टरवाले, स्कूलबसवाल्या बायका, सगळे होते. बाजीराव चौगले नावाचा डंपरवाला पहिल्यांदा उठला.

"नेमाण्णा, तुमचं दुःख आम्हाला कळतंय. पण उद्या इंजिन जर आमची चहाडी करायला लागलं, तर मालक सकाळी आकडा बघणार आणि दुपारी हिशोब हातात देणार. आजार कळला काय आणि नाही कळला काय, चूल तर थंड."

"आणि रात्री दोन घोट जास्त झाले तर तेबी दिसंल," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"ते आत्ताबी दिसतंय," नेमिनाथ म्हणाला. "मी बोलत नाही एवढंच." हसू आणखी वाढलं. ते ओसरल्यावर तो पुढं म्हणाला, "मालकाला काही दाखवायचं नाही. आकडा ज्याच्या पायाचा, त्यालाच दाखवायचा. खंडेनवमीला तुम्ही मेमरी पुसायला येताच. पुसायच्या आधी मिस्त्रीनं दार लावायचं, ड्रायव्हरला एकट्याला बसवायचं आणि वर्षाची रेघ दाखवायची. पटलं तर त्यानं डॉक्टर गाठावा. नाही पटलं तर दुरुस्ती बंद करून एक चक्कर मारावी. मग पुसायचं. रीत आपणच पाडलीय, आपणच बदलू."

"आणि कंपनी?" चौगलेनं विचारलं.

"कंपनीला डिझेल वाचवायचं होतं, ते वाचलं. माणूस वाचवायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. ते आपण घालू."

"माझं खंडेनवमीपर्यंत कशाला ठेवता?" चौगले म्हणाला. "उद्या सकाळी येतो. पण दार लावायचं. आणि आमच्या घरच्यांना सांगायचं नाही, काय निघंल ते निघंल." त्याची रेघ सपाट निघाली. तो दोन दिवस सगळ्यांना ती छाती काढून सांगत होता.

त्या खंडेनवमीला उद्यमनगरातल्या बऱ्याच शेडची दारं अर्धा-अर्धा तास बंद होती. बाहेर झेंडूचे हार घातलेल्या गाड्यांची रांग आणि आत एक मिस्त्री, एक ड्रायव्हर. तिघांच्या रेघा चढत्या निघाल्या. एकाचा गुडघा होता, एकाची साखर वाढून पायाची जाणीव कमी झाली होती. तिसरीला डॉ. किणीकरांकडं पाठवलं.

सर्वांत शेवटी पिवळी बस घेतली. शबाना आली होती. नेमिनाथनं तिला राजमतीची रेघ दाखवली, कारण ज्या गाडीवर बसायचं तिची गोष्ट तिला माहीत असायला हवी, असं त्याला वाटलं.

"ही ठेवायची असली तर ठेवा, अण्णा," शबाना म्हणाली. "मी दुसऱ्या गाडीसाठी थांबते."

"ठेवून काय करू? तुझ्या पायाला ही बस चुकीचं ओळखंल. मुलं बसायची आहेत हिच्यात." त्यानं बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. "आता पहिले काही दिवस दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस. तुझा पाय शिकू दे तिला."

बस फाटकातून बाहेर पडताना जरा हिसकली, नवी सून स्वयंपाकघरात बिचकावी तशी, आणि मग सरळ झाली. नेमिनाथ ती वळेपर्यंत बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, पण आपण बरोबर केलं याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

सुलोचना हार ओवत बसली होती. आता ती दुधाच्या गाडीवर शेजारी बसून जायची, चालवायचा तिचा नवरा. त्याच्या गिअर टाकण्यावर तिचं रोजचं भाषण असायचं. औषध लागू पडत होतं. बोटं अजून वर येत होती, आणखी मागं पडली नव्हती.

"दाजी," ती मान वर न करता म्हणाली, "मला गाडीत बसवून दाखवलंसा. परागला कशात बसवणार? त्याच्या गाडीला तर पेडलच नाही."

पराग नेमिनाथ-राजमतीचा मुलगा, म्हणजे त्याच्यातही आजार असण्याची शक्यता निम्मी. पुण्याला असायचा. त्याची गाडी विजेची, स्वतःच चालणारी. तो मागं बसून लॅपटॉपवर काम करायचा. त्याचा पाय कुठल्याच मशीनला माहीत नव्हता. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि गेले दोन्ही रविवार नेमिनाथ त्याच्याशी पाऊस, जेवण आणि बसचा नवा ड्रायव्हर यांवर बोलला होता.

"दिवाळीला येणाराय तो," नेमिनाथ म्हणाला.

"दिवाळीला म्हणजे फाल्गुनातच की, माझ्यासारखं," सुलोचना म्हणाली आणि दोरा तोडला.

नेमिनाथनं हात पुसले. फोन टेबलावर होता. औषध आहे, डॉक्टर आहेत, तपासणी कुठं होते तेही माहीत आहे. परागला अजून सांगायचं राहिलं आहे.